रोजच्यासारखा दिवस

"पुन्हा ठेवा," मॅडम म्हणाल्या.

चिमटेरावांनी तो कागद चिमट्याने अलगद उचलला, पुन्हा काट्यावर ठेवला आणि काट्याची काचेची पेटी बंद केली. मग दोघंही श्वास रोखून उभे राहिले. वजनखोलीत सगळ्यांनाच ती सवय होती. तिथला काटा इतका हळवा, की शेजारी कोणी उसासा टाकला तरी आकडे नाचायला लागत. आकडा जरा खालीवर झाला आणि पहिल्याच जागी येऊन थांबला.

"तेवढाच," चिमटेराव म्हणाले.

"म्हणजे या बाईंनी दिवसभर श्वासच घेतला नाही म्हणायचं."

मॅडम हे चेष्टेने म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

संस्थेचं काम शहराच्या हवेतली बारीक धूळ मोजण्याचं. धूळ म्हणजे झाडूने निघते ती नव्हे. ही डोळ्यांना दिसत नाही, नाकातल्या केसांना जुमानत नाही आणि थेट फुप्फुसात जाऊन ठाण मांडते. गच्च्यांवर बसवलेली मोठी यंत्रं संस्थेकडे होतीच. पण माणसं गच्चीवर राहत नाहीत, असं मॅडमचं म्हणणं. माणूस जिथे स्वयंपाक करतो, झोपतो, भांडतो, तिथली हवा मोजायची. म्हणून या वेळी त्यांनी पंप माणसांच्याच खांद्याला अडकवले होते. जेवणाच्या डब्याएवढा पंप, त्याची नळी गळ्याशी टाचलेली आणि नळीच्या तोंडाशी एका छोट्या डबीत मोठ्या नाण्याएवढा गोल पांढरा कागद. माणूस दिवसभर नाकाने हवा ओढणार, पंप नळीने. कागदाचं वजन आधी करायचं आणि नंतर करायचं. मधला फरक म्हणजे धूळ.

या बाईंच्याच गल्लीतले, त्याच दिवशीचे बाकीचे कागद समोरच्या ट्रेमध्ये मांडलेले होते. कुठला राखाडी, कुठला मेणबत्तीवर धरल्यासारखा. आणि हा एकटा नुकताच पाकिटातून काढल्यासारखा पांढराशुभ्र.

"कोऱ्याशी अदलाबदल तर नाही झाली?" मॅडमनी विचारलं.

प्रत्येक फेरीला एक कोरा कागद बरोबर न्यायचा, तो उघडायचाच नाही, तसाच परत आणायचा, अशी पद्धत होती. हाताळण्यातून किती मळ लागतो हे त्यावरून कळतं. प्रश्न रास्त होता, पण चिमटेरावांना तो झोंबला. कागदाला कधी बोट लावलं नाही म्हणून तर संस्थेने त्यांचं हे बारसं केलं होतं. खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कोणाला आठवायचं. त्यांची बायको तर म्हणायची, यांनी माझा हातही पहिल्यांदा चिमट्यानेच धरला असता, पण त्या दिवशी चिमटा घरी विसरला होता.

"कोऱ्याची डबी मी शर्टाच्या खिशात ठेवतो, मॅडम. तिच्यावर नंबर वेगळा. अदलाबदल होणं शक्यच नाही."

"मग बाईंनी पंप घातलेलाच नाही. खुंटीला टांगून ठेवला असेल, तोही बंद खोलीत." मॅडमनी पेनाने त्या नंबरापुढे एक टिंब दिलं. "नियम तुम्हाला माहीत आहे. चूक आपली असेल तर त्याच माणसाला दुसरा दिवस. माणसानेच नीट केलं नसेल तर ते घर सोडायचं आणि शेजारचं घ्यायचं. वाईट वाटतं मला, पण हे घर सोडू."

वाईट वाटण्याचं कारण असं, की त्या बाई म्हणजे चिमटेरावांच्या सख्ख्या वहिनी. हे मॅडमना पहिल्यापासून ठाऊक होतं. गल्लीतली घरं चिठ्ठ्या टाकून निवडली होती, आणि वहिनींची चिठ्ठी निघाली तेव्हा "चला, घरचं माणूस आहे, पंप नीट वापरला जाईल," असं मॅडमच हसून म्हणाल्या होत्या.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," चिमटेराव म्हणाले. "मी जाऊन विचारून येतो."

मॅडमनी मान हलवली. चिमटेरावांनी तो पांढरा कागद डबीत घातला, झाकण लावलं आणि बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये नुसतेच उभे राहिले. हे घर सुटलं तर वहिनींची तपासणी सुटत होती. ज्यांचा कागद पक्का ठरेल त्यांना संस्थेत बोलवून, डॉक्टरांसमोर त्यांच्या फुप्फुसांची ताकद मोजायची, असा अभ्यासाचा दुसरा भाग होता. चिमटेरावांचा सगळा जीव त्या दुसऱ्या भागात अडकला होता.

वहिनी हल्ली जिन्यात मध्येच थांबायच्या. थांबल्या असं दिसू नये म्हणून कोणाच्या तरी दाराशी बोलायला लागायच्या. पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीला वाटायचं, वहिनींना आपल्याबद्दल फार माया. बोलताना वाक्याच्या मध्येच त्या पाणी प्यायच्या. खोकला तर इतका मुरलेला, की घरात त्याची कोणी दखलही घेत नसे. डॉक्टरचं नाव काढलं की "खोकल्यासाठी का कोणी डॉक्टरकडे जातं?" हे ठरलेलं उत्तर. एकदा चिमटेराव फारच धरून बसल्यावर त्या कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नव्हत्या. पण अभ्यासासाठी म्हटल्यावर मात्र एका शब्दात तयार झाल्या होत्या. भाऊजींच्या ऑफिसचं काम म्हणजे नाही कसं म्हणायचं?

हे असं पहिल्यापासूनच. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा चिमटेराव शाळेच्या अर्ध्या चड्डीत होते आणि आई नुकतीच गेलेली होती. दिराला अहोजाहो करायचं असं कोणीतरी शिकवून पाठवलेलं, म्हणून त्या पोराचं नाक पुसून देतानाही "भाऊजी, शिंकरा बघू जोरात" म्हणायच्या. पुढे त्यांना स्वतःला मूल झालं नाही, आणि भाऊजींचं नाक पुसायचं कामही यथावकाश संपलं. अहोजाहो तेवढं राहिलं.

संध्याकाळी ते गल्लीत शिरले. गल्ली म्हणजे बसच्या शेवटच्या थांब्याची मागची बाजू. रात्री बसगाड्या तिथे भिंतीला पाठ लावून उभ्या राहत आणि पहाटे तिथूनच सुटत. दादा, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, इमारतीखालच्या बाकावर बसला होता. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तो साऱ्या जगाशी ओरडून बोलायचा.

"तो पंप पुन्हा आणला नाहीस ना रे?" दादा गरजला.

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणजे? तुझ्या वहिनीने मला दिवसभर घराबाहेर काढलं होतं! माझ्या स्वेटरचे तंतू उडतात म्हणे! डबा हातात दिला आणि म्हणाली, अंधार पडल्याशिवाय वर येऊ नका!"

समोरच्या खिडकीतून कोणीतरी हसलं. चिमटेरावांना काहीतरी उमजायला लागलं. ते भराभर जिना चढून वर गेले.

वहिनींनी चहा टाकला. चिमटेराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

"वहिनी, पंप दिवसभर घातला होतात ना?"

"म्हणजे काय! झोपतानासुद्धा उशाशी होता. मांजरासारखा गुरगुरत होता मेला रात्रभर. का हो?"

"काही नाही. त्या दिवशी काय काय केलंत ते सांगा बघू सगळं."

वहिनींचा चेहरा खुलला. शाळेतल्या हुशार मुलीला उत्तर येत असलेला प्रश्न विचारावा तशा त्या सांगायला लागल्या. आदल्या दिवशीच त्यांनी घर धुऊन काढलं होतं, भिंतींसकट. पडदे उतरवून ठेवले. त्या दिवशी एकही खिडकी उघडली नाही. शेगडी पेटवली नाही. सकाळचं दूध गार, दुपारी पाव आणि केळी. मग आतल्या खोलीत दार लावून बसून राहिल्या. "तिथे सामानच नाही ना, म्हणून धूळ नाही. हलले म्हणून नाही हो दिवसभर, हलल्याने उडते."

"बरं."

"आणि नळीच्या तोंडावर रुमाल बांधला होता."

"रुमाल?"

"धुतलेला हो!" वहिनी घाईने म्हणाल्या. "इस्त्री केलेला."

चिमटेरावांनी कप खाली ठेवला. त्यांना हसू फुटलं, आणि फुटता फुटताच विरून गेलं.

"रुमाल कशाला बांधलात, वहिनी?"

"आता घ्या! तुम्ही एवढ्या भरवशाने ऑफिसची वस्तू दिलीत. ती काय मळवून परत करायची? शेजारणीचं पातेलं आणलं तरी मी घासून देते. पट्टा पण धुऊन दिला, तुमचं लक्ष गेलं नसेल."

लक्ष गेलं होतं. पट्ट्याला साबणाचा वास येत होता आणि पंप आणणाऱ्यांपैकी कोणीतरी पावडर लावतं, असा चिमटेरावांचा समज झाला होता.

"वहिनी, त्या कागदाला मळायचंच असतं," ते म्हणाले. "तेवढ्यासाठीच तो दिलेला. तुम्ही रोज जी हवा नाकात घेता ती त्याच्यावर उतरायला हवी. तो पांढरा आला म्हणून मॅडम म्हणतात, हे घर सोडा."

"सोडू देत. शेजारी द्या. त्यांच्याकडे हवी तेवढी धूळ आहे, झाडू म्हणून फिरत नाही."

"वहिनी, ही झाडूची धूळ नाही."

"मग कसली? मळका कागद तुमच्या मॅडम भिंग लावून बघणार, त्याच्यावर माझ्या घराचा नंबर असणार. म्हणतील, बघा चिमटेरावांच्या वहिनीचं घर."

"घराला कोण नाव ठेवतंय? हवा आहे ती. रस्त्यावरची. बसगाड्यांची."

"रस्त्यावरची हवा घरात आली की ती माझ्या घरातलीच ना?" वहिनी म्हणाल्या. "तिला मीच आत घेतली ना?"

चिमटेरावांनी या विषयावर शाळांमध्ये भाषणं दिली होती, तक्ते दाखवले होते. पण हा प्रश्न तिथे कोणी विचारला नव्हता. खरं म्हणजे त्यांना म्हणायचं होतं, वहिनी, तुम्ही जिन्यात थांबता, मला भीती वाटते. पण ते म्हटलं की दार बंद होणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी दुसरंच काढलं.

"मॅडमना वाटतंय, मी कागद बदलले. चूक माझी आहे असं वाटतंय त्यांना."

वहिनी गर्रकन वळल्या. "तुमची? त्यांना म्हणावं, रुमाल मी बांधला होता! माझं नाव सांगा खुशाल!"

"तसं सांगितलं तर घरच रद्द होतं. पुन्हा मोजता येत नाही. मग माझ्यावरचा डाग तसाच राहतो."

हे डागाचं काही खरं नव्हतं, पण ते बरोबर जागी लागलं. वहिनींनी चहाचं भांडं उगाचच पुसलं, पालथं घातलं, पुन्हा सुलटं केलं.

"आणा तो पंप," त्या म्हणाल्या. "पण कागद कोणाला दाखवायचा नाही."

"नाही दाखवणार. फक्त एक करायचं. दिवस रोजच्यासारखा घालवायचा. मी आलो नाही, पंप नाही, असं समजून."

"खांद्याला अडकवायचा आणि नाही म्हणायचं! बरं बाई. तुमच्या ऑफिसात सगळेच असे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी चिमटेराव मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. रात्रभर त्यांनी वाक्य घोळवलं होतं.

"मॅडम, चूक माझी. डबीचं झाकण नीट बसवलं नव्हतं मी. हवा बाजूने गेली, कागदातून गेलीच नाही. बाईंनी पंप घातला होता."

मॅडमनी चष्मा काढला.

"गळती?"

"हो."

"गळती असली की पंपाचा आवाज बदलतो, चिमटेराव. मी इथे नवीन होते तेव्हा हे तुम्हीच मला कान लावून ऐकायला लावलं होतंत."

"हो. माझंच लक्ष नव्हतं."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. चिमटेराव टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत राहिले. उभ्या नोकरीत त्यांनी अशी कबुली कधी दिली नव्हती, आणि पहिलीच दिली ती न केलेल्या चुकीची. त्यांचे कान तापले होते.

"बरं," मॅडम शेवटी म्हणाल्या. त्यांनी त्या टिंबापुढे 'गळती' असं लिहिलं. "दुसरा दिवस घ्या. पण एकदा गळती लिहिली की पुढचंही आलं. इथून पुढे तुम्ही बसवलेली प्रत्येक डबी दुसरं कोणीतरी तपासेल, मगच बाहेर जाईल. सगळ्यांसमोर सांगावं लागेल मला."

"सांगा."

मॅडमनी ते दुपारच्या बैठकीत सांगितलं. चहाच्या वेळी एकाने "काय चिमटेराव, चिमटा घसरला वाटतं?" म्हणून घेतलंच. चिमटेराव हसले. हसण्यावाचून करणार काय? घरी गेल्यावर मात्र ते जेवले नाहीत. बायकोने कारण विचारलं, तेव्हा "भूक नाही" म्हणाले. तिने झाकून ठेवलेलं ताट पुन्हा समोर आणून ठेवलं आणि शेजारी बसून राहिली.

ठरलेल्या दिवशी ते पहाटेच वहिनींकडे पोचले. दादा आतल्या खोलीत घोरत होता. त्यांनी वहिनींच्या खांद्याला पंप अडकवला, नळी गळ्याशी टाचली, आवाज कान लावून ऐकला. मांजर व्यवस्थित गुरगुरत होतं.

"आता मी जातो."

"असे कसे जाल? चहा घेऊन जा. रोजच्यासारखं म्हणालात ना? आलेल्या माणसाला चहा न देता पाठवणं माझ्या रोजच्यात बसत नाही."

चिमटेराव स्टुलावर बसले. वहिनींनी शेगडी पेटवली, पाणी ठेवलं आणि मग, रोज करत असणार तशाच सवयीने, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली.

"रात्रभर घर बंद असतं ना," त्या म्हणाल्या. "कोंदट वास राहतो. सकाळची ताजी हवा एकदा घरातून फिरवून घेतली की बरं वाटतं."

खिडकीखालीच थांब्याची भिंत होती. त्याच वेळी पहिली बस सुरू झाली. मग दुसरी. ड्रायव्हर इंजिनं सुरू करून खाली उतरले आणि गाड्या तापेपर्यंत कोंडाळं करून गप्पा मारत उभे राहिले. गाड्यांची मागची तोंडं भिंतीकडे होती. धूर भिंतीला लागत होता आणि चढायला दुसरी वाट नसल्यामुळे सरळ वर येत होता. खिडकीतून तो आत आला तेव्हा दिसलाही नाही. फक्त दिव्याभोवतालचा उजेड जरा पिवळा झाला.

चिमटेराव अर्धवट उठले. वहिनी, खिडकी लावा, हे शब्द अगदी तोंडाशी आले. या वेळेच्या हवेचे आकडे त्यांना पाठ होते. त्या आकड्यांचे तक्ते त्यांनी स्वतः भिंतीवर लावले होते. पण खिडकी लावली की हा दिवस रोजचा राहत नव्हता. कागद पुन्हा पांढरा निघाला असता, आणि आता गळतीचं सोंगही उरलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं होतं, मी नाही असं समजा. ते पुन्हा बसले.

"वहिनी, रोज उघडता का या वेळी?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. तुमच्या आईंची पद्धत होती म्हणे. शेजारणीने सांगितलं होतं मला, सासूबाई पहाटे खिडकी उघडायच्या."

तेव्हा खिडकीखाली मैदान होतं. चिमटेरावांना ते आठवत होतं. त्यांचा चेंडू त्यात हरवायचा. बसचा थांबा नंतर आला.

वहिनी ओट्याशी उभ्या होत्या, खिडकीच्या अगदी समोर. खोकल्याची उबळ आली तेव्हा त्यांनी एक हात ओट्यावर टेकला, तोंड फिरवलं, आणि ओसरल्यावर काही झालंच नाही अशा तऱ्हेने साखर घातली. गळ्याशी टाचलेली नळी त्यांच्या हनुवटीखाली जरा हलली. चिमटेरावांना स्वतःची शरम वाटली. इतकी वर्षं ते धूळ मोजत होते, पण ती कोणाच्या तरी नाकातोंडात जाताना समोर बसून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आणि आली तेव्हा ते चहाची वाट बघत बसले होते.

"साखर कमी झाली का?" वहिनींनी विचारलं. "असं तोंड का केलंत?"

"नाही. बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पंप परत दिला तो वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून. धुतला नव्हता. "जिन्यात उघडू नका," एवढंच म्हणाल्या.

कागदाचं वजन चिमटेरावांनी केलं आणि त्यांच्या डब्या तपासायला नेमलेला सहकारी शेजारी बघायला उभा होता. डबी उघडताच तो "बापरे" म्हणाला आणि मग काटा हलेल म्हणून गप्प झाला. कागद काळा होता. राखाडी नव्हे, काळाच, तव्याच्या बुडासारखा. सगळ्या गल्लीत एवढा कोणाचा नव्हता. चिमटेरावांनी तो चिमट्याने धरला आणि जरूरीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

मॅडम आल्या. त्यांनी आकडा वाचला, कागद पाहिला. गळतीचा विषय त्यांनी काढला नाही.

"खिडकी बंद करायला सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "आजपासूनच. मोजून झालंय आता."

"सांगितली."

"आणि वहिनींना शुक्रवारी घेऊन या."

शुक्रवारी वहिनी ठेवणीतले कपडे घालून आल्या. दादाही आला. चिमटेरावांनी दोघांना संस्थेचा वरचा मजला दाखवला, वजनखोली काचेबाहेरून दाखवली. वहिनी काचेपाशी उभ्या राहून आतला काटा बघत होत्या.

"किती मळका निघाला?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांसारखाच."

"खरं सांगा."

"थोडा जास्त."

वहिनींनी मान हलवली. "इतकी वर्षं घासतेय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण चिमटेरावांना भडभडून आलं, आणि त्यांनी लिफ्ट कुठे आहे ते दाखवण्याच्या निमित्ताने तोंड दुसरीकडे केलं.

तपासणीची खोली तळमजल्यावर होती. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आणि बोलक्या होत्या. त्यांनी वहिनींना खुर्चीत बसवलं, नाकाला क्लिप लावली, हातात एक पुठ्ठ्याची नळी दिली. खोल श्वास घ्यायचा आणि मग सगळी ताकद लावून नळीत फुंकायचं, आतलं सगळं संपेपर्यंत, मध्ये थांबायचं नाही. वहिनींनी एकदा दाराकडे पाहिलं. दारात नवरा उभा, दीर उभा. त्या दोघांसमोर गाल फुगवून फुंकायचा त्यांना संकोच वाटला.

"तुम्ही बाहेर बसा दोघं," त्या नाकातून बोलल्या.

दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. दार अर्धंच लागलं होतं.

"काय करायला लावतायत तिला?" दादाने विचारलं. त्याला वाटलं, तो कुजबुजतोय.

"फुंकायला," चिमटेरावांनी खुणेने सांगितलं.

"घ्या श्वास!" आतून आवाज आला. "घ्या, घ्या, अजून... आणि फुंका! जोरात! फुंकत राहा, फुंकत राहा, राहा, राहा..."

चिमटेराव पुढे वाकून बसले होते, गुडघ्यांवर कोपरं टेकून. आपण काय करतोय हे त्यांना कळलं नाही. आतल्या आवाजाबरोबर त्यांनीही छाती भरून श्वास घेतला होता आणि ओठांचा चंबू करून तो सोडत होते. आत वहिनींच्या फुंकण्याचा आवाज सुरू झाला, फाटला, बारीक झाला आणि थांबला. मग खोकला.

"थोडंसं अजून, काकू, थोडंसं..."

आतून काही आलं नाही.

चिमटेरावांचा श्वास अजून चालूच होता. तो सहज चालला होता, संपता संपत नव्हता. दादा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांनी घाईने ओठ मिटून घेतले.